पन्नासपर्यंत म्हणते, पण चार चमचे मागितले की मूठभर आणते

शेवंती (धागाकर्ती):

माझी मुलगी आता पावणेचार वर्षांची आहे. एक ते पन्नास आकडे ती न अडखळता म्हणते, आणि घरी कोणी आले की आम्हीही तिला ते कौतुकाने म्हणायला लावतो. गेल्या आठवड्यात ताटे मांडताना मी तिला सहज म्हटले, "बाळा, खणातून चार चमचे आण बरं." तिने खण उघडला, मुठीत मावले तेवढे चमचे उचलले आणि माझ्यासमोर ठेवले. ते नऊ होते. "मोजून बघ," असे म्हटल्यावर तिने बोट फिरवत अगदी ठेक्यात एक ते अकरा म्हटले. तीन चमच्यांवर दोन-दोन आकडे पडले आणि एक चमचा तसाच राहून गेला. "मग किती झाले?" असे विचारले, तेव्हा उत्तर न देता तिने पुन्हा "एक, दोन, तीन" सुरू केले.

त्या क्षणापर्यंत आम्ही सगळे हिला मोजता येते असेच समजून चाललो होतो. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या वयात असे होणे नेहमीचे आहे का? आणि पाटी-पेन्सिल घेऊन तिला बसवण्याची माझी अजिबात इच्छा नाही, तर घरातल्या घरात, खेळता खेळता, खरी मोजणी कशी रुजवावी? ज्यांनी हे केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे अशी विनंती आहे.

वाटसरू:

शेवंतीताई, पावणेचार वर्षांच्या मुलीने चारऐवजी नऊ चमचे आणणे यात काळजीचे काही नाही, आणि आकडे म्हणायला शिकवलेत यातही तुमचे काही चुकलेले नाही. मी २२ वर्षे बालवाडीत शिकवले आहे. आकडे म्हणता येणे आणि मोजता येणे या दोन गोष्टी मुलाच्या मनात बराच काळ वेगवेगळ्या नांदतात. आकड्यांची माळ मुलाला गाण्यासारखी असते. गाणे मध्येच कुठे थांबवायचे हा प्रश्न तिथे येत नाही, ते संपेल तिथे थांबायचे असते. मोजताना मात्र वस्तू संपल्या, किंवा मागितलेली संख्या आली, की माळ हातात असतानाच थांबावे लागते. तुमची मुलगी पन्नासपर्यंत जाते, पण चारावर थांबत नाही. तिला आता शिकायचे आहे ते हे थांबणे.

रोशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीच्या मुळाशी असलेली पाच तत्त्वे मांडली होती. प्रत्येक वस्तूला एकच आकडा मिळतो. आकड्यांचा क्रम दर वेळी तोच राहतो. शेवटी उच्चारलेला आकडा हीच सगळ्या समूहाची संख्या असते. मोजणी कशाचीही करता येते, मग त्या हातात धरता येणाऱ्या वस्तू असोत की ऐकलेल्या टाळ्या. आणि सुरुवात कुठूनही केली तरी उत्तर तेच येते. यातला क्रम तुमच्या मुलीला पक्का आला आहे. एका वस्तूला एक आकडा हे तिला अर्धेमुर्धे जमते, म्हणून बोट आणि तोंड यांचा मेळ बसत नाही. शेवटचा आकडा म्हणजे सगळ्यांची मिळून संख्या, हे मात्र अजून उमगलेले नाही. त्यामुळेच "किती झाले?" हा प्रश्न तिला "आता म्हणून दाखव" अशा आज्ञेसारखा ऐकू येतो, आणि ती आज्ञा ती प्रामाणिकपणे पाळते.

मोजणीची खरी पारख "किती आहेत?" या प्रश्नात होत नाही, "मला इतके दे" या मागणीत होते. कॅरन विन यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना अशाच वस्तू मागितल्या होत्या. "एक दे" म्हटल्यावर बरोबर एकच वस्तू देणारी आणि त्यापुढच्या कोणत्याही संख्येला मूठभर देणारी मुले असतात. काही महिन्यांनी त्यांना दोन कळतात, मग पुन्हा काही महिन्यांनी तीन. तीन-चारच्या आसपास मात्र एकाएकी उलगडा होतो, आणि मग पाच, सहा, सात यांच्यासाठी वेगवेगळे महिने मोजावे लागत नाहीत. बहुतेक मुलांच्या बाबतीत हा प्रवास साधारण अडीच ते चार वर्षांच्या दरम्यान होतो, पण मागेपुढे होणे अगदी स्वाभाविक आहे.

म्हणून पहिल्यांदा तिची पायरी शोधा. खेळण्यातल्या अस्वलाला दोन बटणे हवी आहेत, असे म्हणून दोन मागा. नंतर कधीतरी तीन मागा. दोन नीट येत असतील आणि तीनला मूठ येत असेल, तर पुढचा महिनाभर घरात तीनाचाच वावर असू द्या. जिन्याच्या तीन पायऱ्या, सदऱ्याची तीन बटणे, दारावर तीन टकटक. संख्या आधी सांगा आणि मग मोजा: "हे तीन चमचे आहेत. एक, दोन, तीन. तीन चमचे." पहिल्या आणि शेवटच्या "तीन"च्या मध्ये ती मोजणी बसली, की शेवटच्या आकड्याचे प्रयोजन मुलाला हळूहळू दिसू लागते.

निळीशाई:

वाटसरूताईंचा प्रतिसाद जपून ठेवला आहे. आमच्या मुलाला "दोन" कपडे वाळत घालताना कळले, हे इथे नोंदवावेसे वाटते. प्रत्येक कपड्याला दोन चिमटे, असा आमचा नियम होता. मी कपडा दोरीवर टाकायचो आणि तो टोपलीतून चिमटे काढून द्यायचा. सुरुवातीला तो एक द्यायचा, मी कपडा धरून तसाच उभा राहायचो, आणि कपड्याचे दुसरे टोक घसरू लागले की तो धावत जाऊन दुसरा आणायचा. मी एकदाही "चुकले" म्हटले नाही. कपड्याचे लोंबणारे टोकच ते सांगत होते. पाच-सहा दिवसांनी तो आपोआप दोन्ही हातांत एकेक चिमटा घेऊन उभा राहू लागला.

मोजे जुळवण्याचे कामही त्यालाच दिले होते. त्यात मोजणी तशी कमी आहे, पण जोडी लावल्यावर एक मोजा उरतो तेव्हा त्याला वाटणारे कुतूहल मला फार मोलाचे वाटते.

रानवाट:

इथे पाठांतराला थोडे कमी लेखले जाते आहे, असे मला वाटते. आकड्यांचा क्रम तोंडात पक्का बसलेला नसेल तर मूल मोजणार तरी कशाने? माझ्या दोन्ही मुलांना मी झोपताना, चालताना, जिना चढताना आकडे म्हणून घेतले आणि दोघांचेही गणित पुढे चांगले झाले. शेवंतीताईंनी ते म्हणवून घेणे थांबवू नये. मुले लहानपणी अर्थ न कळता कितीतरी शब्द बोलतात आणि अर्थ मागाहून येतो.

वाटसरू:

रानवाट, आपले म्हणणे मला मान्य आहे. क्रम तोंडपाठ नसेल तर मोजणी उभीच राहत नाही, आणि जिना चढताना आकडे म्हणण्यात तर पाठांतराबरोबर पाऊलही पडत असते, म्हणजे एका पायरीला एक आकडा आपोआप मिळतो. माझी हरकत एवढीच आहे की आपण मोठी माणसे पाठांतराची लांबी बघून समाधान पावतो. तीसचे पन्नास झाले, पन्नासचे शंभर झाले, की मूल पुढे गेले असे आपल्याला वाटते आणि चार चमच्यांकडे कोणाचे लक्षच जात नाही. माझ्या वर्गात शंभरपर्यंत म्हणणारी आणि पाच मणी मोजून देऊ न शकणारी मुले दर वर्षी असायची. त्यांच्या पालकांना ही गोष्ट सांगणे मला नेहमी जड जात असे, कारण घरी ते लेकराचे मनापासून कौतुक करत असत.

दिवेलागण:

मी आजोबा आहे, माझा अनुभव नातवाबरोबरचा आहे. आम्ही लपंडाव खेळतो. राज्य त्याच्यावर असले की त्याने डोळे मिटून दहापर्यंत म्हणायचे. पूर्वी तो दहाच्या पुढेही म्हणत राहायचा आणि मी कपाटामागे ताटकळत उभा असायचो. मग आम्ही ठरवले की त्याने म्हणताना दोन्ही हातांची बोटे एकेक करून उघडायची आणि बोटे संपली की शोधायला निघायचे. वाटसरूताई ज्याला थांबणे म्हणतात ते आमच्याकडे बोटांनी शिकवले. बोटांवर मोजणे ही वाईट सवय आहे असे आमच्या लहानपणी मानत असत. आता मला तसे अजिबात वाटत नाही. बोटे सदैव जवळ असतात, हरवत नाहीत, आणि एका हाताची पाच ही न मोजता ओळखू येतात.

शून्याबद्दलही सांगतो. डब्यात झाकणे ठेवायची आणि एकेक काढत उलटे मोजायचे, असा आमचा खेळ आहे. शेवटचे झाकण काढल्यावर मी रिकाम्या डब्यात डोकावून गंभीरपणे म्हणतो, "शून्य झाकणे." त्याला ते इतके आवडते की हल्ली तो भरलेला डबा मुद्दाम रिकामा करतो.

वाटसरू:

आजोबा, आपल्या डब्यावरून मारिया माँटेसरी यांच्या चात्यांच्या पेटीची आठवण झाली. त्या पेटीत शून्य ते नऊ असे दहा कप्पे असतात आणि लाकडी चात्या, म्हणजे बारीक दांड्या, मोजून ४५ असतात. प्रत्येक कप्प्यात त्याच्या आकड्याएवढ्या चात्या ठेवायच्या. शून्याचा कप्पा रिकामाच राहतो, आणि कुठे एक जास्त पडली तर शेवटी नऊच्या कप्प्याला एक कमी पडते. मोठ्या माणसाने चूक दाखवण्याची गरजच उरत नाही. निळीशाई यांच्या लोंबणाऱ्या कपड्याने केले ते हेच काम. घरी आकडे लिहिलेल्या वाट्या आणि मोजून घेतलेल्या काड्या एवढ्यावर हा खेळ होतो. शून्य ते पाचपर्यंतच्या वाट्या घ्यायच्या असतील तर काड्या बरोबर पंधरा लागतील.

एक खबरदारी मात्र प्रत्येकाने घ्यावी. घरात तीन वर्षांखालचे भावंड असेल, किंवा मूल अजून वस्तू तोंडात घालत असेल, तर बटणे, मणी आणि गोट्या यांनी खेळू नये. खेळण्यांचे लहान भाग तपासण्यासाठी जी नळी वापरतात तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. तिच्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकू शकते असे धरतात. अशा घरात मोठे ठोकळे, वाट्या आणि चमचेच बरे.

शेवंती:

सर्वांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहिते आहे आणि जे घडले ते जसेच्या तसे सांगते.

पहिले चार दिवस फार छान गेले. अस्वलाला दोन बटणे देणे तिला लगेच जमले, तीनला मात्र मूठ आली, म्हणजे तिची पायरी सापडली. त्यानंतर माझा उत्साह वाढत गेला. मी तिला सकाळी तीन विचारू लागले, दुपारी तीन विचारू लागले, संध्याकाळी तिचे बाबा आल्यावर त्यांच्यासमोर पुन्हा विचारले. तिने बरोबर तीन ठोकळे दिले, तरी मी खात्री करून घेण्यासाठी म्हटले, "नक्की तीन आहेत ना? परत बघ." तिने माझ्याकडे पाहिले, आणखी दोन ठोकळे आणून त्यात टाकले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मी अस्वलाला हात लावताच तिने ते उशीखाली लपवले.

त्या खेळाची मी परीक्षा करून टाकली हे मला कळते आहे, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटते.

वाटसरू:

ताई, तिने नंतर टाकलेले ते दोन ठोकळे चुकीचे नव्हते. आईने तोच प्रश्न पुन्हा विचारला याचा अर्थ आधीचे उत्तर आईला पसंत पडले नाही, असा तिने अर्थ लावला आणि उत्तर बदलून पाहिले. लहान मूल प्रश्नापेक्षा विचारणाऱ्याकडे जास्त लक्ष देते.

यावर एक सुंदर प्रयोग झालेला आहे. ठोकळ्यांच्या दोन सारख्या रांगा मांडून, "दोन्हींत सारखे आहेत का?" असे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे मुलांना विचारत. मुले हो म्हणत. मग त्यांच्या देखत एक रांग लांब पसरून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की सहा-सात वर्षांखालची बरीच मुले लांब रांगेत जास्त आहेत असे सांगत. १९७४ च्या सुमारास जेम्स मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी यात एक खोडकर अस्वल आणले. रांग मोठ्या माणसाने पसरायची नाही, तर अस्वलाने खोक्यातून पळत येऊन ती विस्कटायची. आता त्याच वयाची कितीतरी अधिक मुले बरोबर उत्तर देऊ लागली. माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न विचारला तर काहीतरी बदलले असलेच पाहिजे, असे मुलांना वाटत होते. अस्वलाच्या खोडीमागे तसा काही हेतू त्यांना दिसला नाही.

तुमच्याकडे अस्वल आहेच. ते उशीखालून तिला हवे तेव्हा बाहेर येऊ द्या. ते आले की त्यालाच चुकू द्या. अस्वलाने मोजताना एक ठोकळा गाळावा, एकावर दोनदा बोट ठेवावे, आणि तुमच्या मुलीने त्याला शिकवावे. दुसऱ्याची चूक पकडायला मुलाला स्वतःच्या मोजणीपेक्षा जास्त बारकाईने बघावे लागते, आणि त्यात त्याचा मान राहतो. तुम्ही मात्र आठवडाभर "किती?" हा शब्द तोंडातून काढू नका.

निळीशाई:

फाशाच्या खेळाबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. फाशावरचे ठिपके मुले काही दिवसांत न मोजताच ओळखू लागतात, त्यामुळे लहान संख्या डोळ्यांना एकदम दिसण्याची सवय लागते. सापशिडी मात्र चार वर्षांच्या मुलाला अवघड जाते, कारण शंभर घरे असतात आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला दिशा उलटते. मी पुठ्ठ्याच्या एका लांब पट्टीवर एक ते दहा अशी सरळ घरे आखली. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये असाच सरळ दहा घरांचा पट वापरून, दोन आठवड्यांत पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठकांत खेळवून, मुलांची संख्यांची समज वाढल्याचे दाखवले होते. त्यांच्याकडे फाशाऐवजी एक आणि दोन लिहिलेली चकती होती. मी फाशाच्या बाजूंवर कागद चिकटवून एक आणि दोन ठिपकेच ठेवले.

सोंगटी पुढे सरकवताना काय म्हणायचे, हे मात्र महत्त्वाचे आहे. सोंगटी तिसऱ्या घरात असेल आणि दोन पडले, तर "एक, दोन" म्हणून सरकवण्याऐवजी घरावरचे आकडे वाचत "चार, पाच" म्हणावे. माझा मुलगा सुरुवातीला दर वेळी एकपासूनच म्हणायचा. मी माझ्या खेळीला "चार, पाच" म्हणत राहिलो, त्याला सुधारत बसलो नाही, आणि साधारण आठव्या-नवव्या डावात त्याने ते उचलले. तीनाच्या पुढे चार येतात हे त्याला माहीत होते, पण तीनापासून सुरुवात करता येते हे त्याने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले.

रानवाट:

दहाच्या पुढच्या आकड्यांबद्दल एक विचारते. माझी मोठी मुलगी एकवीस लिहायला सांगितले की हमखास १२ लिहायची. असे इतरांकडेही होते का?

वाटसरू:

जवळजवळ प्रत्येक घरी होते. आपण "एकवीस" म्हणतो तेव्हा कानावर आधी एक पडतो आणि मग वीस. लिहिताना मात्र आधी २ येतो. ऐकले त्या क्रमाने मूल लिहिते, त्यामुळे त्याची चूक तर्काला धरूनच असते. "एकोणतीस"मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे २ पासून. चिनी भाषेत अकराला दहा-एक आणि एकवीसला दोन-दहा-एक म्हणतात, त्यामुळे तिथल्या मुलांना दशकाची रचना शब्दांतूनच कळते. आपल्या मुलांना ती हातांनी दाखवावी लागते. दहा काड्यांची जुडी दोऱ्याने बांधावी, अशा दोन जुड्या आणि एक सुटी काडी ठेवावी, आणि "वीस आणि एक, एकवीस" असे दोन्ही म्हणावे. पण शेवंतीताईंच्या मुलीसाठी याला अजून खूप अवकाश आहे. तिच्यासाठी जुडी बांधण्याचा खेळ पुरेसा, नाव नंतर आले तरी चालेल.

शेवंती:

सहा आठवडे झाले. मी आठवडाभर "किती" म्हणायचे नाही असे ठरवले होते, ते पुढे तसेच चालू राहिले. अस्वल तिसऱ्या दिवशी उशीखालून बाहेर आले. ते फार चुकत असे आणि ती त्याचा पंजा धरून त्याला एकेका ठोकळ्यावर ठेवायला लावत असे. मोजून झालेला ठोकळा पलीकडे सरकवायचा, ही युक्ती तिने अस्वलासाठी स्वतःच काढली, कारण "त्याला विसरायला होतं."

काल संध्याकाळी ताटे मांडताना मी काही बोलले नव्हते. ती खणाजवळ गेली आणि एकेक चमचा काढून ओट्याच्या कडेला ठेवू लागली. प्रत्येक चमच्याबरोबर हळू आवाजात एकेक आकडा येत होता. चौथा चमचा ठेवल्यावर तिचा हात सवयीने पुन्हा खणात गेला आणि पाचवा चमचा बाहेर आला. तो हातात धरून ती ओट्यावरच्या चार चमच्यांकडे बघत राहिली, मग ताटांकडे बघितले, आणि पाचवा चमचा खणात परत ठेवून तिने खण ढकलून बंद केला. चारही चमचे तिने एकेका ताटाजवळ ठेवले आणि ती हात धुवायला निघून गेली. मी तिला शाबासकीसुद्धा दिली नाही, कारण तिला ती हवी आहे असे दिसत नव्हते. पण तेव्हापासून मला हे कोणाला तरी सांगायचे होते.

आता पुढे काय करू? पाच मागू का?

वाटसरू:

ताई, वाचून फार आनंद झाला. पाच मागण्याची घाई करू नका, काही दिवस चारच असू द्या. घरातले कोणी जेवायला नसेल अशा दिवशी तिला फक्त एवढेच सांगा, की आज बाबा बाहेर जेवणार आहेत. चमच्यांचा विषय काढू नका. खणापाशी ती काय करते ते बघा आणि इथे येऊन लिहा.